मिटलेल्या तोंडाचा फोटो

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहतील आणि शब्दही साधेच येतील, तेवढं पोटात घालावं. गाड्यांच्या सीटांना कव्हरं शिवणं हा माझा धंदा, लिहिणं नव्हे. पण ताईने जे सांगितलं ते मला एकट्याला ठाऊक आहे आणि एकट्याने सांभाळणं जड जातंय. म्हणून तिने सांगितलं तसं, तिच्या बाजूने लिहितो. गोष्ट भर दुपारची आहे. तरी वाचताना खोलीतला दिवा लावलेला असला तर बरं.

ताई म्हणजे आमची मधली. वर दादा, खाली मी. ताई लाँड्रीच्या काउंटरवर बसायची आणि तिचा आवाज अख्ख्या रस्त्याला ओळखीचा होता. डाग राहिला म्हणून भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला ती असं काही बोलायची की तो हसत घरी जायचा. दादा तिला 'चिमणे' म्हणायचा, सारखी चिवचिव करते म्हणून.

आई गेली आणि ही चिवचिव आटत गेली. आधी जांभई देताना कानापुढे कट् असा आवाज यायला लागला. मग मोठा घास घेता येईना. मग एका सकाळी ती उठली तीच दातखीळ बसल्यासारखी. वरच्या-खालच्या दातांत करंगळीचं टोकसुद्धा शिरेना. बोलायची ती दातातल्या दातात, आणि तेही थोडकंच. जे काही गाळून पातळ करता येईल ते स्ट्रॉने ओढायची. अंगावरचे कपडे लोंबायला लागले. लाँड्रीच्या मालकाने "बरी झालीस की ये," असं गोड सांगून तिच्या खुर्चीवर दुसरीला बसवलं.

जबड्याच्या डॉक्टरांनी डोक्याभोवती फिरणाऱ्या यंत्राने एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं.

"पण दोन हाडांच्या मधे एक मऊ चकती असते," ते म्हणाले. "ती पुढे सरकून अडकली तर तोंड उघडत नाही. एक्स-रेत ती दिसत नाही, एमआरआयमधे दिसते. एक फोटो तोंड मिटून, एक तोंड उघडून. स्वच्छ आले तर मी ऑपरेशन करतो. फोटोशिवाय हात लावणार नाही."

म्हणजे सगळं त्या फोटोंवर येऊन थांबलं होतं. ते नीट आले तर ताई पुन्हा जेवणार, बोलणार. नाही आले तर अशीच झिजत जाणार. दादाने कामावरून अर्धी रजा टाकली आणि तिला घेऊन गेला.

ते दवाखान्याचं तळघर होतं. जिना उतरता उतरता उन्हाचा शेवटचा तुकडा मागे राहिला आणि पुढे नुसत्या ट्यूबलाइटा. खिडकी एकही नाही. भिंतींना मेणचट हिरवा रंग, बाकांवर रेक्झिन, एका बाकाची शिवण उसवलेली. बंद दाराआडून यंत्राचा आवाज येत होता, कुणीतरी सावकाश, न कंटाळता, लाकडावर ठोकत असल्यासारखा.

काउंटरवर फोटो काढणाऱ्या बाई होत्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. ताईने मनातल्या मनात त्यांचं नाव फोटोबाई ठेवलं.

"काय त्रास होतो तुम्हाला?" फोटोबाईंनी ताईला विचारलं.

"तोंड उघडत नाही तिचं," दादाने उत्तर दिलं.

"त्यांना विचारलं मी."

"अहो, तोंड उघडत नाही म्हणून तर आणलीय! ती काय सांगणार?" दादा आपल्याच बोलण्यावर हसला. "खरं सांगू? घरात इतकी शांतता जन्मात नव्हती. ऑपरेशन करावं की नाही, विचारच करतोय."

फोटोबाई हसल्या नाहीत. दादा बोटातली अंगठी काउंटरवर टक्-टक् वाजवत होता. ती त्याची सवयच. जाडजूड लोखंडी अंगठी, पोरवयात घातलेली. बोट जाड होत गेलं, अंगठी मांसात रुतली, आता ती साबण लावूनही निघत नाही.

"अंगठी काढता येते?" फोटोबाईंनी विचारलं.

"ही? माझ्याबरोबरच जाईल."

"मग तुम्ही दाराच्या आत पाऊल टाकू नका. आतला चुंबक बोटासकट ओढून घेईल. मग तुमचाही फोटो काढावा लागेल."

ताईला हसू आलं. हसताना कानापुढे कळ गेली आणि तिने गालावर हात दाबला.

कपडे बदलायच्या खोलीत फोटोबाईंनी तिला नीट समजावलं. कानातलं काढा. पिना, क्लिपा काढा. धातू राहिला तर फोटोत तिथे काळं भोक पडतं. हलायचं नाही, गिळायचं नाही. हातात हा रबरी फुगा, घाबरलात तर दाबा, मी यंत्र थांबवते. पण थांबवलं तर पहिल्यापासून सुरू करावं लागेल.

"डोक्याला काही? रिबन, पट्टी?"

"नाही," ताई दातातून म्हणाली.

फळीवर आडवं केल्यावर फोटोबाईंनी दोन्ही कानांवर दोन गोल चकल्यांसारखं काहीतरी बसवलं आणि वरून पट्ट्याने आवळलं. फळी आत सरकली. छत नाकाच्या इतकं जवळ आलं की ताईला आपलाच श्वास परत अंगावर आल्यासारखा वाटला. तिने डोळे मिटले. मग ठोकणं सुरू झालं.

आधी अख्ख्या डोक्याचा एक ढोबळ फोटो घेतात. तो झाला, ठोकणं थांबलं आणि कानाशी फोटोबाईंचा आवाज आला.

"ताई, डोक्याला काही नाही म्हणालात ना?"

"अंहं."

"एक मिनिट."

दार उघडल्याचा आवाज. फळी बाहेर. फोटोबाईंनी तिच्या हनुवटीखालून हात फिरवला, मग गालांवरून, मग टाळूवर.

"काहीच नाही की," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "घाम असेल."

ताईला घाम आलेला नव्हता. उलट हनुवटीखाली गार लागत होतं.

पुन्हा फळी आत गेली. पुन्हा ठोकणं. या वेळी त्या नळीत वास आला. आधी तिला वाटलं, फडक्याला औषध लावून पुसलं असेल. मग वास ओळखीचा झाला. गोडसर, चिकट. ग्लिसरीनचा.

आईच्या शेवटच्या महिन्यात ताई रोज तिचे सुकलेले ओठ ग्लिसरीनने पुसायची.

आता आईचं सांगायला हवं. आई दोनदा जाता जाता राहिली होती. पहिल्यांदा दादाने सगळ्या नातेवाइकांना फोन केले. लांबलांबून लोक आले, डोळे पुसत आत शिरले, आणि संध्याकाळी आईने डोळे उघडून पाणी मागितलं. लोक चहा पिऊन परत गेले. दुसऱ्यांदाही तेच. त्या वेळी आमचे काका जाताना दादाला म्हणाले, "पुढच्या वेळी नक्की झालं की कळव बाबा, रजा संपत आल्या." सगळे हसले. दादाही हसला, पण ते त्याला लागलं होतं. माणूस चारचौघांत हसं झालेलं विसरत नाही. तिसऱ्यांदा आईचा श्वास हाताला लागेनासा झाला तेव्हा दादाने नीट पाहिलं, मान हलवली, फोन लावले आणि सगळ्यांना सांगून टाकलं, "गेली. या वेळी नक्की." मग मला डॉक्टर आणायला पिटाळलं. डॉक्टर घेऊन मी आलो तेव्हा आई खरंच गेली होती. चेहरा शांत होता, तोंड मिटलेलं, हनुवटीखालून टाळूपर्यंत उशीच्या जुन्या अभ्र्याची पट्टी बांधलेली. तोंड उघडं राहू नये म्हणून बांधतात तशी. आमच्या घरात एवढंच सांगितलं जातं, आई शांतपणे गेली.

मी नव्हतो तेव्हा त्या खोलीत ताई होती आणि दादा होता.

ठोकणं थांबलं.

"ताई..." फोटोबाईंचा आवाज आता उतरला होता. "पुन्हा आलंय. हनुवटीखालून वर गेलंय, कानांच्या पुढून. वर टाळूवर गाठ दिसतेय. मला कळत नाहीये... कापड यात दिसत नसतं हो. या यंत्रात पाणी दिसतं. कापड दिसायचं तर ते ओलं हवं. चिंब ओलं."

ताईच्या कानामागून पाण्याचा एक थेंब सावकाश मानेकडे उतरत होता.

"थांबूया का? तुम्ही म्हणाल तसं. पुन्हा कधीतरी या."

फुगा ताईच्या मुठीत होता. दाबला असता की सुटली असती. उन्हात गेली असती. पण फोटोशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते, आणि आज बाहेर पडले तर पुन्हा या नळीत शिरायची हिंमत होणार नाही हे ती जाणून होती. शिवाय आणखी एक गोष्ट तिला कळली होती, जी कळायला नको होती. ती पट्टी ओली का होती, हे जगात दोघांनाच माहीत होतं. दादाने अभ्रा घाईघाईने फाडला तेव्हा पट्टी आईचं तोंड पुसायच्या ग्लिसरीनच्या पाण्याच्या वाडग्यात पडली होती. त्याने ती पिळलीसुद्धा नाही.

"काढा," ताई म्हणाली. "फोटो काढा."

आता उघड्या तोंडाचे फोटो होते. फोटोबाई आत आल्या. दातांत धरायचा प्लास्टिकचा ठोकळा काही शिरेना, तेव्हा त्यांनी पाचरीसारखी निमुळती कड दातांच्या फटीत टेकवली.

"मी सांगेन तेव्हा थोडं थोडं उघडायचा प्रयत्न करा. जेवढं जमेल तेवढं. मी इथेच आहे, काचेपलीकडे."

"इथेच," असं म्हणाल्या खऱ्या, पण दार लागल्यावर ताईला ती काच हजार मैलांवर वाटली.

"उघडा... हं... आता तसंच."

ठक्, ठक्, ठक्.

हनुवटीखालचा गारवा घट्ट झाला. कानांपुढून दोन गार दोऱ्या वर चढत गेल्या. तिने खालचा जबडा रेटला. वरून कुणीतरी तेवढाच ताणला.

"आणखी थोडं... ताई, तुमच्या डोक्यापाशी..." आवाज तुटला. मग हळूच, अगदी कुजबुजल्यासारखा, "डोक्यापाशी हात आहेत. गाठीवर. एका बोटावर काळं भोक आलंय... गोल... अंगठी असल्यासारखं..."

त्याच वेळी ताईच्या हनुवटीखाली तळहात आला.

तो वरच्या हातांचा नव्हता. मऊ होता, गरम होता, भीत भीत टेकवलेला. अंगठ्याखाली खरखरीत चट्टा. लाँड्रीत इस्त्रीने भाजल्याचा तो चट्टा ताईने रोज पाहिलेला होता. हात तिचाच होता. तिचे दोन्ही हात फळीवर बाजूला होते, एकात फुगा होता, आणि तिचाच हात तिच्या हनुवटीखाली होता. त्या दिवशी आईच्या हनुवटीखाली धरला होता तसा, दादा वरून गाठ मारत असताना.

आई तेव्हा कुठे होती, ते ताईला कळलं. ताई आत्ता जिथे होती तिथेच, पट्टीच्या आत, जिवंत.

तिला आवाज करता येईना. श्वास नाकात अडकला होता. त्या दिवशी आईला जे एकच करता आलं होतं ते ताईने केलं. जबडा हलवला. थोडासा, एकदा, मग पुन्हा.

तळहात दचकला.

आणि तिच्या डोक्याच्या वर, अगदी जवळून, तिचाच आवाज आला. चार महिन्यांपूर्वीचा. मोकळा, घाबरलेला.

"दादा... आई हलली."

"काही नाही ते. अंग आकसतं."

"नाही रे, तोंड हललं. माझ्या हाताला लागलं. ती काहीतरी..."

"गप्प बस, चिमणे. लोक निघालेत."

आणि गाठ ओढली गेली.

ताई सांगत होती, तिथे तिला भीती वाटलीच नाही. वाटली ती चीड. चार महिने ती स्वतःला समजावत होती की अंग आकसतं, तसंच असतं, दादाला कळतं. आईचं तोंड हलताना तिच्या हाताखाली होतं आणि तिने हात काढून घेतला नव्हता. त्या दिवशी ती खरंच गप्प बसली, ती बसलीच. तिने डोळे उघडले, पाय फळीवर रोवले आणि सगळा जीव जबड्यात आणला. कानापुढे काहीतरी तटकन् तुटल्यासारखं झालं. कापड फाटताना होतो तसा लांब आवाज आला. ठोकळा गळ्यावर पडला आणि ताई ओरडली.

ती किंकाळी तळघराच्या सगळ्या खोल्यांत ऐकू गेली. बाहेर बाकावर बसलेला दादा उठून उभा राहिला.

फोटोबाई धावत आत आल्या आणि फळी ओढली. ताईचं तोंड सताड उघडं होतं. तीन बोटं आरामात गेली असती.

पाणी पिऊन शांत झाल्यावर दोघी काचेपलीकडे कॉम्प्युटरच्या पडद्यापाशी बसल्या. दादा दारात आला. फोटोबाईंनी त्याला एकेक फोटो दाखवला. मिटलेल्या तोंडाचे फोटो, हनुवटीखालचा पांढरा पट्टा, टाळूवरची गाठ. मग ते दोन हात आणि डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटावरचं गोल काळं भोक.

दादाने डावा हात खिशात घातला.

"यंत्र बिघडलंय तुमचं," तो म्हणाला. "दुरुस्त करून घ्या. पेशंटला घाबरवून सोडलंत."

"आणि चकती?" ताईने विचारलं. तिचा मोकळा आवाज ऐकून दादा एक पाऊल मागे सरला.

"चकती सगळ्या फोटोंत जागेवरच आहे," फोटोबाई म्हणाल्या. "अगदी पहिल्या फोटोपासून. तुमच्या जबड्याला काही झालेलंच नव्हतं." मग त्यांनी ते हातांचे आणि पट्टीचे फोटो एकामागून एक पुसून टाकले. "असे पाठवले तर मला वेड्यात काढतील. माफ करा हं. शेवटचा स्वच्छ आहे, तेवढा देते."

घरी येईपर्यंत दादाने डावा हात खिशातून काढला नाही.

संध्याकाळी ताईने टेबलाशी बसून अख्खं सफरचंद खाल्लं, सालीसकट. करकर, करकर. ते चावणं किती दिवसांनी ऐकलं मी! दादा समोर बसला होता. त्याने ताटाला हात लावला नव्हता.

"दादा," ताई घास गिळून शांतपणे म्हणाली, "आई हलली होती."

"काही नाही ते," दादा म्हणाला. "थकलीयेस. झोप आता." आणि आपल्या खोलीत गेला. जाताना मात्र हनुवटीखालून उलटा हात फिरवत गेला, घाम पुसावा तसा.

मग ताईने दिव्यापाशी बसून मला हे सगळं सांगितलं. आई काय सांगणार होती, ते तिलाही माहीत नाही. "पाणीच मागितलं असेल," एवढंच म्हणाली. "तिसऱ्यांदा."

सकाळी दादा चहाला आला नाही. मी त्याच्या खोलीत गेलो. तो पलंगावर ताठ बसला होता. उशी भिजलेली, कॉलर भिजलेली, दात घट्ट मिटलेले. मला बघून त्याचे डोळे मोठे झाले. नाकातून हुं-हुं करत तो अंगठीचं बोट आपल्या टाळूकडे दाखवत होता, पुन्हा पुन्हा, आणि दोन्ही हातांनी सोडवायची खूण करत होता. त्याच्या डोक्यावर काही नव्हतं. विरळ केस, तेवढेच.

तरी मी हात लावून पाहिला.

गाठ होती. दिसत नव्हती, पण होती. दिवसभर दोरे आणि कापड हाताळणारी माझी बोटं आहेत, ती गाठीला फसत नाहीत. गार, ओली, दुहेरी. एक टोक मोकळं होतं. नखाने उकललं असतं तर सुटली असती. मी टोक धरलं, तर ती माझ्या बोटांखाली आपणहून आणखी थोडी आवळली.

स्वयंपाकघरातून ताईच्या सफरचंद खाण्याचा आवाज येत होता. करकर, करकर.

दादा माझ्याकडे बघत होता. त्याने माझं मनगट धरलं होतं, अंगठी रुतेल इतकं घट्ट.

"काही नाही ते, दादा," मी म्हटलं.

मनगट सोडवून घेतलं, शर्टाला हात पुसले आणि दुकान उघडायला गेलो. दिवसभर कव्हरं शिवली. बोटांचा ग्लिसरीनचा वास काही गेला नाही.